दीनबंधू अँड्र्यूज यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन आणि वाचन : मजकूर, मांडणी, तारीख याबद्दल सल्ला हवा

परळवाचक :
नमस्कार मंडळी,
परळमधलं एक वाचनालय आणि शेजारच्या चर्चचं युवक मंडळ मिळून २०२६ मध्ये रेव्हरंड चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम करणार आहेत. दिवसभर प्रदर्शन आणि संध्याकाळी सव्वा तासाचा कार्यक्रम असा बेत आहे. हॉल ४० बाय २५ फुटांचा. पंखे आहेत, एसी नाही. एका लांब भिंतीला सगळ्या खिडक्याच आहेत, त्यामुळे फलकांसाठी समोरची लांब भिंत आणि एक आखूड भिंत उरते. शंभरेक खुर्च्या बसतात. हॉलच्या मागच्या बाजूला रुग्णालय आहे.

येणाऱ्यांत निम्मी शाळा-कॉलेजातली मुलं आणि निम्मी गिरणगावातली वडीलधारी मंडळी असतील. बहुतेकांना अँड्र्यूज म्हणजे 'गांधीजींचे इंग्रज मित्र' एवढंच ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिका, फिजी, मजूर चळवळ हे काम लोकांपर्यंत पोचावं अशी इच्छा आहे. फलक किती करावेत आणि त्यांवर काय घ्यावं? फोटो आणि उताऱ्यांना परवानगी लागते का? स्मृतिदिन ५ एप्रिलला आहे, तोच दिवस धरावा का? तसबिरीला हार, समईपूजन आणि चार भाषणं यापेक्षा वेगळं काय करता येईल, तेही सांगा.

जुनेदफ्तर :
आधी मजकुराचं बोलू, कारण असली प्रदर्शनं तिथेच फसतात. अँड्र्यूज यांच्यावरचे फलक हमखास जन्मापासून सुरू होतात. १२ फेब्रुवारी १८७१, न्यूकॅसल; मग केंब्रिज, मग दिल्लीचं सेंट स्टीफन्स कॉलेज, मग गांधी, मग टागोर, आणि ५ एप्रिल १९४० ला कलकत्त्यात निधन. वाचणारा तिसऱ्या फलकाशी कंटाळतो, आणि जातो तेव्हा 'भला माणूस होता' यापलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हा माणूस काम कसं करायचा, तोच प्रदर्शनाचा कणा धरा. अन्यायाची बातमी आली की स्वतः तिथे जायचं. मजुरांच्या खोल्यांत बसून विचारायचं, मळेवाल्यांचं आणि अधिकाऱ्यांचंही ऐकून घ्यायचं. करारनामा आणि सरकारी आकडे मिळवायचे, अहवाल छापायचा, आणि निर्णय होऊन तो अमलात येईपर्यंत पाठ सोडायची नाही. हे सगळं एका जागी दिसतं ते फिजीच्या प्रकरणात. १२ फलक करणार असाल तर ६ फिजीलाच द्या.

त्या सहांसाठी माल असा. 'लिओनिडास' हे गिरमिटियांचं, म्हणजे 'गिरमिट' या कराराने बांधलेल्या भारतीय मजुरांचं, पहिलं जहाज १८७९ मध्ये फिजीला लागलं. १९१६ पर्यंत जहाजांच्या ८७ फेऱ्या झाल्या आणि साठ हजारांवर माणसं तिकडे गेली. करार पाच वर्षांचा. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास आणि शनिवारी पाच तास काम. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. हा दर कागदावरचा. प्रत्यक्षात दिवसाचं काम नेमून दिलेलं असायचं, त्याला 'टास्क' म्हणत. टास्क केवढं द्यायचं हे मळ्यावरचा ओव्हरसियर ठरवणार आणि ते पुरं झालं का हेही तोच सांगणार. अपुरं ठरलं की मजुरी कापली जायची, आणि प्रकरण तिथेच थांबत नसे. काम चुकवणं हा फौजदारी गुन्हा होता. मजुराला कोर्टात उभं करून दंड किंवा तुरुंगवास व्हायचा. आता खरी मेख बघा. भरतीच्या वेळी मजुराला जो करारनामा दाखवत, त्यात तास, दर, परतीचं जहाजभाडं सगळं होतं, फक्त या शिक्षांचा उल्लेख नव्हता. अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी डब्ल्यू. डब्ल्यू. पिअरसन यांनी अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं. एक पूर्ण फलक यासाठीच ठेवा. डावीकडे करारनाम्यातली कलमं सोप्या मराठीत, उजवीकडे त्यात न सांगितलेल्या शिक्षा. एवढं वाचलं की शाळेतल्या मुलालाही फसवणूक कुठे होती ते कळतं.

दुसरा महत्त्वाचा फलक सरकारी अहवालाचा. अँड्र्यूज फिजीला जायच्या आधीच सरकारने जेम्स मॅकनील आणि चिम्मनलाल या दोघांना वसाहतींच्या पाहणीला पाठवलं होतं. त्यांचा निष्कर्ष एकंदरीत पद्धतीला अनुकूल निघाला. मळ्यांवरच्या आत्महत्यांचे आकडे त्यांच्याही हाती होते, पण त्यांनी हिशेब मांडला तो मजूर किती पैसे गाठीला बांधून परततो याचा. अँड्र्यूज-पिअरसन यांनी विचारलं, माणसं जीव का देतात? शंभर पुरुषांमागे चाळीस बायका, एवढंच प्रमाण भरतीत पाळलं जायचं. त्यातून उभी राहिलेली हिंसा, मोडलेली घरं आणि बायकांचे हाल त्यांनी लिहून काढले. लहान मुलं येणार आहेत, तेव्हा इथे भाषा संयमाची ठेवा, पण मुद्दा गाळू नका. अहवालाचा गाभाच तो आहे.

तारखांचा फलक एकच करा आणि त्यात गोखले यांना पहिलं स्थान द्या. १९१० मध्ये नामदार गोखले यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत गिरमिटिया मजूर पाठवणं बंद करण्याचा ठराव मांडला, तो मान्य झाला. १९१२ मध्ये ही पद्धतच बंद करा असा ठराव आणला, तो फेटाळला गेला. गोखल्यांच्याच सांगण्यावरून अँड्र्यूज आणि पिअरसन दक्षिण आफ्रिकेत गेले आणि जानेवारी १९१४ मध्ये दरबानला उतरले. धक्क्यावर अँड्र्यूज यांनी गांधींच्या पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्या समाजाला ते सहन झालं नाही. करार संपलेल्या भारतीय मजुरांवर तिथे लादलेला तीन पौंडांचा कर त्याच वर्षी रद्द झाला. १९१५ च्या अखेरीस दोघे फिजीत होते, फेब्रुवारी १९१६ मध्ये अहवाल निघाला, मार्चमध्ये मदनमोहन मालवीय यांनी ठराव मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांनी पद्धत बंद करण्याचं तत्त्व मान्य केलं.

बरेच फलक इथेच थांबतात आणि खाली 'आणि प्रथा संपली' असं लिहितात. ते चूक आहे. 'योग्य मुदतीनंतर' बंद करू, असं ते आश्वासन होतं आणि ती मुदत लांबत जाणार अशी चिन्हं होती. म्हणून १९१७ च्या सुरुवातीला देशभर सभा झाल्या, बायकांचं शिष्टमंडळ व्हाइसरॉयना भेटलं, आणि मार्च १९१७ मध्ये भरती थांबली. अँड्र्यूज त्याच वर्षी पुन्हा फिजीला गेले, कारण जे आधीच कराराने बांधले होते ते सुटले नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या साखर कंपनीचा फिजीत मोठा पसारा होता, म्हणून ते ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या लोकांशी, विशेषतः महिला संघटनांशी बोलले. त्या संघटनांनी फ्लॉरेन्स गार्नहॅम यांना फिजीला पाठवून स्वतंत्र पाहणी करून घेतली. उरलेले करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले. म्हणजे तत्त्व मान्य झाल्यापासून शेवटचा मजूर सुटेपर्यंत पावणेचार वर्षं गेली. ही पावणेचार वर्षं दाखवा. आंतरराष्ट्रीय एकजूट म्हणतात ती याच काळात घडली.

आता टाळायच्या गोष्टी. 'एकट्या अँड्र्यूज यांनी गिरमिट संपवलं' असं कुठेही येऊ देऊ नका. फिजीत गिरमिटात राहून परतलेले तोताराम सनाढ्य त्यांच्या आधी हिंदीतून लिहिते झाले होते. १९१३ मध्ये कुंती नावाच्या मजूर बाईने ओव्हरसियरच्या तावडीतून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली. ती वाचली आणि तिची हकिकत कलकत्त्याच्या 'भारतमित्र'मध्ये छापून आली. या दोघांना स्वतंत्र अर्धा-अर्धा फलक हवा. 'दीनबंधू' हे नाव कोणी दिलं याबद्दल दोन-तीन मतं प्रचलित आहेत, तेव्हा नुसतं 'दीनबंधू म्हणून ओळखले जात' असं लिहा. 'फादर' किंवा 'बिशप' लिहू नका. ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते, 'रेव्हरंड' लिहा. आणि इंटरनेटवर फोटो शोधताना १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातल्या नटाचा फोटो अँड्र्यूज म्हणून फिरताना सापडतो, तो भिंतीवर जायला नको.

छापखाना_लोअरपरळ :
मोजमाप बघू. उभा फलक २ बाय ३ फूट. बारा फलकांची रुंदी २४ फूट, मधल्या ११ फटी सहा-सहा इंचांच्या म्हणजे साडेपाच फूट. एकूण साडेएकोणतीस फूट. ४० फुटांच्या भिंतीत आरामात बसतं, आणि उरलेले दहा फूट रिकामे सोडा, कारण दारापाशी लोक घोळक्याने थांबतात. फलकाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर यावा. पाचवी-सहावीतली मुलं असतील तर पावणेपाचच धरा.

एका फलकावर १२० ते १३० शब्द, त्याहून जास्त नको. बारा फलकांचे मिळून पंधराशे शब्द होतात, उभ्या उभ्या तेवढेच वाचून होतात. मथळा ९० ते १०० पॉइंट, मजकूर ३० पॉइंट, फोटोखालची ओळ २० पॉइंट. जुन्या मंडळींसाठी मजकूर ३० च्या खाली आणू नका. पांढऱ्यावर काळी अक्षरं. फोटोवर अक्षरं छापायचा मोह टाळा, जुन्या करड्या फोटोंवर ती वाचता येत नाहीत.

फ्लेक्स नको, पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, कडक बोर्ड) घ्या आणि मॅट लॅमिनेशन सांगा. तुमच्या फलकांच्या समोरच्या भिंतीला खिडक्या आहेत, ग्लॉसी लॅमिनेशन केलं तर दुपारी फलकात खिडक्याच दिसतील. सनबोर्ड भिंतीला टेकवून रात्रभर उभा ठेवला तर बाक येतो, आडवे एकावर एक ठेवा. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, रंगासकट सुटून येते. वरती खिळ्यांची पट्टी असेल तर नायलॉनची दोरी सोडून प्रत्येक फलक दोन बाइंडर क्लिपांवर टांगा. पट्टी नसेल तर फलक उभे करायचे लाकडी घोडे (स्टँड) भाड्याने मिळतात.

आता मराठी छपाईतलं नेहमीचं दुखणं. 'अँड्र्यूज' या शब्दातच सगळी संकटं एकत्र आहेत. अ-वरची चंद्रकोर आणि अनुस्वार, मग ड ला र, त्याला य, त्याला दीर्घ ऊ. फाइल एका मशीनवर केली आणि दुकानात दुसऱ्या, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की 'ड्र्यू' चे तीन तुकडे होतात नाहीतर चंद्रकोर बाजूला जाऊन बसते. म्हणून दुकानात कधीही उघडी फाइल देऊ नका. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, आणि दुकानदार ती कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये घेणारच असेल तर अक्षरं आधी कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्या. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावल्याशिवाय जोडाक्षरं जुळत नाहीत. फॉन्टसाठी 'मुक्ता' चांगला, मोफत आहे. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. एक फलक आधी ए-थ्री कागदावर काढून 'अँड्र्यूज', 'ऑस्ट्रेलिया', 'व्हाइसरॉय', 'कॉलेज' हे शब्द तपासा. हे चार बरोबर आले तर बाकी सहसा बरोबर येतं.

फोटो १२ बाय १८ इंचांत छापायचा असेल तर निदान १८०० बाय २७०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चालणार नाही, तो दाबलेला असतो. तेवढा मोठा फोटो नसेल तर ६ बाय ९ इंचांत छापा. लहान आणि स्वच्छ फोटो बरा दिसतो.

हक्कनोंद :
परवानगीबद्दल. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. अँड्र्यूज १९४० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं स्वतःचं लेखन २००१ पासून खुलं आहे. पिअरसन १९२३ मध्ये गेले, त्यामुळे फिजीचा अहवालही खुला. मराठीत अनुवाद करा, वाचा, छापा. गांधींचं लेखन २००९ पासून खुलं झालं. पण या मूळ लेखनाचा दुसऱ्या कोणी केलेला मराठी अनुवाद घेतला तर तो अनुवादकाच्या हक्कात येतो. म्हणून मूळ इंग्रजीवरून आपणच अनुवाद करणं सोपं. अँड्र्यूज यांचं सर्वात परिचित इंग्रजी चरित्र मात्र अजून हक्कात आहे (दोन लेखकांपैकी मार्जरी साइक्स १९९५ मध्ये गेल्या), त्यातली पानंच्या पानं उचलू नका.

१९४० आधीचे फोटो हक्कमुक्त असतात, पण संग्रहालयाने स्कॅन करून दिलेल्या प्रतीवर त्यांची स्वतःची अट असू शकते. गावदेवीच्या मणिभवनसारख्या ठिकाणी लेखी विचारा. पत्रात प्रदर्शनाचा दिवस, विनामूल्य असल्याचं आणि फोटोखाली सौजन्य छापणार असल्याचं लिहा. महिनाभर आधी पत्र गेलं पाहिजे.

आणखी एक काळजी. अँड्र्यूज आणि गांधींच्या नावावर खपणारी वाक्यं चित्रांवर छापून फिरत असतात. तारीख, पत्र किंवा भाषण यांचा पत्ता लागत नसेल तर ते वाक्य भिंतीवर नको. गांधींचं असेल तर संकलित वाङ्मयाच्या शंभर खंडांत शोधता येतं. तिथे नसेल तर सोडून द्या.

दिनदर्शिका :
२०२६ मध्ये ५ एप्रिलला ईस्टरचा रविवार आहे. युवक मंडळ सोबत घ्यायचं असेल तर तो दिवस आणि त्याआधीचा पूर्ण आठवडा बाद. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, त्या दिवसांत परळमध्ये कार्यकर्ते आणि हॉल दोन्ही मिळणं कठीण. १२ फेब्रुवारी, जन्मदिवस, गुरुवारी येतो आणि तेव्हा बोर्डाच्या परीक्षांचे दिवस असतात.
अँड्र्यूज पहिल्यांदा भारतात आले ते २० मार्च १९०४ ला, मुंबईच्या बंदरात. ती तारीख ते आपला भारतातला जन्मदिवस मानत. मुंबईत कार्यक्रम करायला याहून योग्य निमित्त नाही. २०२६ मध्ये १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि ईद २०-२१ च्या आसपास येईल, म्हणून २२ मार्चचा रविवार धरा.

रंगपट :
संध्याकाळच्या सव्वा तासाची वाटणी अशी करा. पाच मिनिटं प्रास्ताविक, पस्तीस मिनिटं अभिवाचन, वीस मिनिटं एकच वक्ता, पंधरा मिनिटं प्रश्न. चार भाषणं ठेवली की तिसरा वक्ता पहिल्याचंच सांगतो आणि कार्यक्रम दोन तासांवर जातो.

अभिवाचन चार आवाजांचं करा, त्यातले निदान दोन बायकांचे. पस्तीस मिनिटांना साडेतीन हजार शब्द पुरतात. त्याहून जास्त लिहिले तर वाचणारे पळत सुटतात. संहिता कागदाच्या एकाच बाजूला, १६ पॉइंटमध्ये, आणि पिन न मारता. पान उलटलं की माइकमध्ये खरखर येते, पान बाजूला सरकवलं की येत नाही. स्टँडवरचे दोन माइक चौघांना पुरतात, तोंडापासून वीतभर अंतर. पार्श्वसंगीत नको. करारनाम्याची कलमं एका आवाजात कोरडी, कारकुनी वाचू द्या, आणि प्रत्येक कलमानंतर दुसऱ्या आवाजाने त्यामागची शिक्षा वाचावी. यापेक्षा जास्त नाट्य करायची गरज पडत नाही.

आणि एक गोष्ट जरूर करा. फिजीतल्या जुन्या कुली-लाइनींमधली (मळ्यावरच्या मजुरांच्या बराकींमधली) खोली १० फूट लांब आणि ७ फूट रुंद असायची. तीन एकटे पुरुष, किंवा नवरा-बायको आणि मुलं, एवढी माणसं त्यात. तुमच्या आखूड भिंतीपाशी जमिनीवर पांढऱ्या कापडी टेपने १० बाय ७ चा आयत आखा. आत तीन बाकं किंवा फळ्या ठेवा, प्रत्येकी ६ बाय २ फूट, आणि एका कोपऱ्यात चूल म्हणून तीन विटा. तिन्ही फळ्या आडव्या ठेवल्या की चालायला किती उरतं ते बघणाऱ्याला आत उभं राहिल्यावर कळतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, ही ७० ची. तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. प्लास्टिकचा चिकट टेप मात्र नको, मोझाइकवर डाग राहतो आणि हॉलची अनामत जाते.

परळवाचक :
मनापासून आभार. २२ मार्च पक्का धरतो. दोन गोष्टी राहिल्या. मुंबईशी संबंध दाखवणारा एक फलक करायचा आहे. काही जण म्हणतात फिजीची जहाजं इथूनही सुटत. आणि मागचं रुग्णालय १०० मीटरच्या आत आहे, तर स्पीकरचं काय करावं?

रंगपट :
रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा ५० डेसिबल. आवारात स्पीकर लावूच नका, बाहेर जास्त माणसं थांबली तरीही. हॉलमध्ये दोन छोटे कॉलम स्पीकर पुढच्या दोन कोपऱ्यांत, तोंडं खुर्च्यांकडे, आणि रुग्णालयाच्या बाजूच्या खिडक्या त्या सव्वा तासापुरत्या बंद. शंभर माणसांच्या हॉलला एवढं पुरतं. खिडक्या बंद म्हणजे मार्चमध्ये उकडणार, म्हणून पंखे आधीच तपासून घ्या. कुरकुरणारा पंखा माइकच्या डोक्यावर नको. स्थानिक पोलीस ठाण्यात आधी पत्र देऊन पोच घेऊन ठेवा.

जुनेदफ्तर :
फिजीला जाणारी जहाजं कलकत्त्याहून सुटत, १९०३ पासून मद्रासहूनही. मुंबईहून नाही. मुंबईच्या बंदरातून मराठी मजूर गेले ते मॉरिशसला, एकोणिसाव्या शतकात. तिथे आजही मराठी समाज आहे, आणि मजूर उतरायचे तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. हे जरूर घ्या, पण वेगळ्या चौकटीत. अँड्र्यूज यांची ती चौकशी फिजीची होती, त्यात मॉरिशस मिसळू नका.

मुंबईच्या फलकावर एवढं पुरे. २० मार्च १९०४ चं आगमन. १९०९ मध्ये सर रतन टाटा यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला दिलेले २५,००० रुपये, कारण अँड्र्यूज यांच्या आधीपासून या शहराने तो लढा पोसला होता. २८ ऑक्टोबर १९१५ ला गांधींनी मुंबईत गिरमिटाविरुद्ध केलेलं भाषण. आणि मजूर चळवळीचा धागा : ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली, लाला लजपतराय पहिले अध्यक्ष, मागे राबणारे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी. पुढच्या वर्षीच्या झरिया अधिवेशनाचे अध्यक्ष माझगावचे काका बॅप्टिस्टा. विसाच्या दशकात याच संघटनेच्या अध्यक्षपदी अँड्र्यूज निवडले गेले. तुमच्या युवक मंडळातल्या मुलांना काका बॅप्टिस्टांचं नाव इथे भेटलं पाहिजे.

सेंट स्टीफन्सचा प्रसंगही एका चौकटीत घ्या. कॉलेजच्या प्राचार्यपदासाठी अँड्र्यूज यांचं नाव पुढे आलं, तेव्हा त्यांनी सुशीलकुमार रुद्र यांचा आग्रह धरला. १९०६ मध्ये रुद्र पहिले भारतीय प्राचार्य झाले. गोऱ्या माणसाच्या हाताखाली हिंदी माणूस, ही तेव्हाची रीत त्यांनी स्वतःच्या संस्थेपासून मोडली. पूर्व आफ्रिकेबद्दल एक ओळ टाका : केनियात भारतीयांच्या हक्कांसाठी झगडतानाही मूळ आफ्रिकी माणसाचं हित पहिलं, असं ते भारतीयांना तोंडावर सांगत. ही ओळ जागा नाही म्हणून कापली जाते. कापू नका.

गल्फमार्ग :
शेवटचा, बारावा फलक आजचा करा. मुंबईच्या विमानतळावरून आखातात मजुरीला जाणारी माणसं थांबलेली नाहीत, आणि तुमच्या प्रेक्षकांपैकी कोणाच्या तरी घरातला मुलगा जाणार असेल. अँड्र्यूज यांनी करारनामा तपासला, तसा आजचा करार कसा तपासायचा ते लिहा.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे 'परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी' असा शेरा, लागतो. अशा माणसाला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, १९८३ च्या कायद्यानुसार. ही मंजुरी चुकवण्यासाठी एजंट 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' असं सांगतो. तिथेच सगळं बिघडतं, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणारा माणूस तिकडच्या कायद्यात गुन्हेगार ठरतो आणि पगार बुडाला तरी तक्रार करायला घाबरतो. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, तेही पावती घेऊन. पावती नाही म्हटलं की समजून घ्या.

करारात बघायच्या गोष्टी : मालकाचं पूर्ण नाव, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, रोजचे तास आणि जादा कामाचा दर, राहायची सोय, परतीचं तिकीट कोणाचं, आणि नोकरी मध्येच सोडली तर काय होतं. ही शेवटची ओळ आजही बऱ्याच करारांत सापडत नाही. तिकडे उतरल्यावर दुसऱ्याच करारावर सही मागणं हा नेहमीचा डाव आहे, म्हणून इथे सही केलेल्या कराराची, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत घरच्यांकडे ठेवायची. पासपोर्ट मालकाने काढून घेतला तर भारतीय दूतावासात लगेच कळवायचं. प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ईसीआर असलेल्याला ती सक्तीची आहे, त्याचा कागद हातात घेतल्याशिवाय निघू नये.

हा फलक इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात छापा आणि त्याच मजकुराची ए-फाइव्ह आकाराची दोनशे पत्रकं काढून दारापाशी टेबलावर ठेवा. पत्रकावर फोटो नको, रंग नको, काळी शाई पुरे, म्हणजे ज्याला हवं तो त्याची झेरॉक्स काढून पुढे देऊ शकेल.